पहिली रांग, अठरा हजार पॉइंट

परतूरमध्ये धर्मराज खंडागळे पेंटरला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. तीस वर्षांत निम्मं गाव त्याच्या हातानं रंगलंय. मोंढ्यातले गाळे, दोन मंगल कार्यालयं, स्टेशन रोडचे बंगले, सगळीकडं त्याचा ब्रश फिरलेला. पण वास्तुशांतीला पेंटरला बोलवायची रीत आपल्याकडं नाही. गवंड्याला टोपी-उपरणं मिळतं, सुताराच्या हातात नारळ पडतो, आणि पेंटरला काय, तर फोन येतो, "त्या कोपऱ्यात जरा पट्टा दिसून राह्यला, येऊन बघून जा." हा भला माणूस जातो आणि बघून येतो. वर चहासुद्धा मागत नाही. भांडणं त्याच्या स्वभावातच नाही, आणि मला विचाराल तर तोच त्याचा सगळ्यात मोठा अवगुण.

त्याची बायको उषाबाई बावीस हंगाम जिनिंगमध्ये कामाला होती. एका शेडखाली डोक्याएवढे कापसाचे ढीग आणि यंत्रांची अशी घरघर, की शेजारणीनं कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येऊ नये. मालकानं कधी कानाला लावायला काही दिलं नाही. बाया ढिगातलाच चिमूटभर कापूस उचलून कानात घालायच्या, तर मुकादम धावून यायचा, "मालकाचा माल हाय तो! काढा!" आता बोला! रोज ट्रक भरभरून कापूस आत-बाहेर होतोय आणि ह्या गड्याला बायांच्या कानातला चिमूटभर दिसतोय. बाया मात्र हुशार निघाल्या. तोंडातून आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायला शिकल्या. सासवांची गाऱ्हाणी, पोरींची स्थळं, मुकादमाला शिव्या, सगळं ओठांवर. मुकादम समोर उभा असायचा आणि त्याला कळायचंही नाही.

उषाबाईला एकच नाद, गाण्याचा. सिनेमातली धांगडधिंग्याची नव्हे, जुनी, शांत, भावगीतं म्हणतात तसली. लग्नात माहेराहून भांडी आली, त्यांच्यासोबत एक रेडिओ आला होता. भाकरी थापताना तो चालू पाहिजे म्हणजे पाहिजे. मग हळूहळू रेडिओचा आवाज वाढत गेला, शेजारची द्वारकाबाई भिंतीवर हात आपटू लागली, तेव्हा धर्मराजच्या ध्यानात आलं की घोटाळा रेडिओत नाही. जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेलाय, डावा चाललाय. वर्षभर साथ देईल, फार तर दीड वर्ष. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं समजेल, पण गाणं गाण्यासारखं ऐकू येईल असं समजू नका.

बाहेर आल्यावर उषाबाईनं विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

"काई न्हाई. बरं होईल म्हणले."

"खोटं नका बोलू. मी त्यांचे ओठ बघून राह्यले होते."

तिच्यापुढं खोटं बोलायची सोयच नव्हती. गाडीची वाट बघताना स्टेशनवर ती एवढंच म्हणाली, "एकदा कुणाला तरी समोर बसून गाताना ऐकायचं होतं. रेडिओतून न्हाई, समोर." आणि पिशवीतून शेंगा काढून सोलत बसली. ह्या माणसाच्या मात्र ते डोक्यात घर करून बसलं.

आता त्या पॉइंटांचं सांगतो. रंगाच्या बादलीच्या झाकणाखाली कंपनी एक स्टिकर लावते. तो खरवडला की नंबर निघतो, नंबर भरला की पॉइंट जमा. रंग पैसे देऊन घेतो घरमालक, पण स्टिकर पेंटरचा, ही सगळीकडची चाल आहे. पॉइंटांवर पूर्वी मिक्सर मिळायचा, बॅग मिळायची, ड्रिल मशीन मिळायचं. सात वर्षांमागं ही स्कीम आली तेव्हा धर्मराजकडं साधा फोनही नव्हता. परतूरच्या सगळ्याच पेंटरांची नोंद रंगाच्या दुकानदारानं केली, राधेश्यामशेठनं, आणि सगळ्यांच्या नावापुढं नंबर टाकला स्वतःचा. पेंटर खुश! शेठ सांभाळतोय ना, मग झालं. पुढं प्रत्येकाच्या हातात फोन आले, पण नंबर बदलून द्या असं शेठला एकानंही म्हटलं नाही. तसं म्हणणं म्हणजे शेठवर विश्वास नाही म्हणण्यासारखं. उद्या उधारीवर ब्रश कोण देईल? धर्मराजही त्यातलाच, कदाचित सगळ्यात पुढचा.

महालक्ष्म्यांना पोरगी आली, शालू, मंठ्याला दिलेली. तिनं बापाच्या फोनवर कंपनीचं ॲप टाकून दिलं. आत शिरायचा कोड शेठच्या फोनवर गेला, शेठनं फोनवरून वाचून दाखवला, काम झालं. पॉइंट निघाले साडेपंधरा हजार. "आबा, मिक्सर घ्यायचा का?" शालूनं विचारलं. मिक्सर घरात दोन होते, दोन्ही पॉइंटांचेच. मग तिला एक नवीन खिडकी दिसली, 'खास अनुभव' नावाची. बापलेक ओट्यावर बसून ते अनुभव शोधू लागले. पुण्याला मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याबरोबर स्वयंपाक. मुंबईला बोटीवर जेवण. कुठं गोल्फचे धडे.

"गोल्फ म्हंजे काय गं?"

"काठीनं चेंडू मारायचा आन् मंग त्याला धुंडत हिंडायचं."

"आन् त्याला पॉइंट लागतेत?" धर्मराज खरोखर चकित झाला. ज्यानं हे पेंटरांसाठी निवडलं त्याला मलाही एकदा भेटायचंय. दिवसभर शिडीवर उभं राहून ज्याच्या पोटऱ्या दगड झाल्यात, त्याला हे चेंडूमागं पळवणार!

पोरगी चिकाटीची. ठिकाणापुढं तिनं 'जालना' लिहिलं. बराच वेळ गोल फिरलं आणि एकच अनुभव वर आला. जुन्या भावगीतांची संध्याकाळ, डिसेंबरात, जालन्याच्या नाट्यगृहात. पहिली रांग, दोन खुर्च्या, गायिकेच्या अगदी समोर. अठरा हजार पॉइंट. धर्मराजनं ते तीनदा वाचून घेतलं. पहिली रांग! मागं बसून उषाबाईच्या डाव्या कानाला काय लागणार? पण पहिल्या रांगेत कानाला थोडं कमी पडलं तरी ओठ दिसतील. ओठ दिसले की तिला शब्द मिळतील, शब्द मिळाले की चाल तिच्या पोटात आहेच. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, आणि घरात चकार शब्द काढला नाही.

अडीच हजार कमी होते. म्हणजे मोठ्या पन्नास बादल्या. त्या दिवाळीला धर्मराजनं कामाला नाही म्हणून म्हटलं नाही. शहागडला ढाबा रंगवला, सेलूकडचं एक लग्नघर घेतलं, पहाटेच्या गाडीनं गेला, अंधार पडल्यावर परतला. एका प्राध्यापकाच्या घरी तर कमाल झाली. सातही बादल्यांचे स्टिकर साहेबांनी आधीच काढून ठेवले. का, तर म्हणे, "रंग माझा, तर स्टिकर कुणाचा?" एरवी धर्मराज गप्प बसला असता. ह्या वेळी त्यानं ब्रश बादलीवर आडवा ठेवला आणि जिन्यात बसून राहिला. एक तास, दोन तास. बाईंनी दोन वेळा चहा विचारला. शेवटी जेवणाच्या आधी सात स्टिकर खाली आले. आयुष्यातलं त्याचं पहिलं भांडण, आणि तेही बसून केलेलं!

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अठरा हजार भरले. बुकिंग शेठच्या गल्ल्यावरच केलं, कारण कोड तिथंच येणार. शेठनं कोड सांगितला, 'आपली जागा निश्चित झाली आहे' असं आलं, आणि तिकीटही गेलं शेठच्याच फोनवर.

"राहू दे माझ्याकडंच," शेठ म्हणाला. "आदल्या दिवशी प्रिंट काढून देतो."

"बराबर हाय शेठ," धर्मराज म्हणाला. बराबर काय होतं ह्यात, देव जाणे.

घरी येऊन त्यानं उषाबाईला सांगितलं. ती आधी रागावली, एवढ्या पॉइंटांत शालूला कूलर आला असता म्हणून. मग आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. पुढचे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी रेडिओ डाव्या कानाला लावून एकेक गाणं घोकत होती. शाळेची परीक्षा असल्यासारखी. द्वारकाबाईनंही भिंतीवर हात आपटणं बंद केलं.

आदल्या दिवशी धर्मराज दुकानात गेला. शेठनं दोन तिकिटं पुढं केली. त्यावर सतरावी रांग.

"शेठ, हे कोणतं?"

"अरे, ऐक ना. सोमेश्वरराव होते काल इथं." सोमेश्वरराव म्हणजे एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, तीन शाळा, एक कॉलेज. "त्यांना पुढंच बसावं लागतं, चार मोठे लोक भेटतेत. तिन्ही शाळांचा रंग आपल्याकडून घेऊन राह्यले ते. काम तुलाच देणार हाय मी. आवाज काय, माईक असतो, सगळीकडं सारखाच. आन् हे बघ, वर एक मिक्सर घेऊन जा."

तिसरा मिक्सर! मी तिथं असतो तर तो मिक्सर कुठं आदळला असता ते सांगत नाही. अरे, तीनशे साठ बादल्या! त्या उचलल्या कुणी, जिने चढवल्या कुणी, आणि पहिल्या रांगेत बसणार कोण? आणि आमचा धर्मराज काय म्हणाला? "बरं." मिक्सर घेतला नाही, एवढीच त्याची मर्दुमकी. तिकिटं खिशात घालून घरी आला आणि बायकोला रांगेचं काहीच बोलला नाही. तोंड दुसरीकडं करून बोलला असता तर कदाचित जमलंही असतं, पण धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दुपारच्या गाडीनं जालन्याला गेले. उषाबाईनं ट्रंकेतली जांभळी साडी नेसली होती. नाट्यगृहाच्या दारात तिकिटं तपासणाऱ्या एका पोरीनं बाल्कनीचा जिना दाखवला, तेव्हाच उषाबाईच्या कपाळाला आठी पडली. सतराव्या रांगेत बसल्यावर ती म्हणाली, "पहिली म्हणले होते न तुमी?"

"बदलली," तो म्हणाला.

"कुणी?"

तेवढ्यात पडदा उघडला. गायिका बोटाच्या पेराएवढी दिसत होती. पेटी वाजू लागली, बाई गाऊ लागली, लोक माना डोलावू लागले. उषाबाई पुढं वाकली, मग डावा कान पुढं केला, मग तळहात कानामागं धरला. थोड्या वेळानं तिनं नवऱ्याला विचारलं, "कोणतं गाणं चालूय?" ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. दोन रांगा मागं वळल्या. धर्मराजनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं. पुढच्या गाण्याला तिनं पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला वळून म्हणाला, "बाई, ऐकायचं नसेल तर घरी बसायचं होतं."

उषाबाईला ते ऐकू गेलं नाही, पण दिसलं. ती ताठ बसली, हात मांडीवर घट्ट धरले आणि त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. लोक टाळ्या वाजवायचे ते बघून तीही वाजवायची, थोडी उशिरा.

धर्मराजनं ती उशिराची टाळी बघितली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांचं 'बरं' त्या आगीत गेलं म्हणा. तो उठला, बायकोचा हात धरला, जिन्यानं खाली उतरला आणि मधल्या वाटेनं, गाणं चालू असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थेट पहिल्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला. मधल्या दोन खुर्च्यांच्या पाठीला मागून कागद चिकटवलेले होते. 'श्री. धर्मराज खंडागळे व सौ. उषाबाई'. त्या कागदांकडं पाठ करून एका खुर्चीत सोमेश्वरराव बसले होते. आणि दुसरीत कोण? दुसरीत राधेश्यामशेठ! सतरावी रांग पेंटरला देऊन शेठ स्वतःच पुढं येऊन बसला होता.

"उठा," धर्मराज म्हणाला.

"अरे धर्मराज, काय करून राह्यला? चालू हाय न कार्यक्रम," शेठ घाबरून म्हणाला.

"जल्दी उठा शेठ. खुर्चीवर नाव वाचा."

गायिका गायची थांबली. पेटीवाल्याचा हात भात्यावरच राहिला. कार्यकर्ते धावले. सोमेश्वरराव जागचे हलले नाहीत. ते जरा हसले आणि शेठकडं झुकून अगदी हळू, ओठातल्या ओठात काहीतरी बोलले. धर्मराजला ऐकू आलं नाही. कुणालाच ऐकू आलं नाही.

पण उषाबाईचे डोळे त्यांच्या तोंडावर होते.

"काय म्हणलात?" ती म्हणाली, आणि तिचा तो मोठा आवाज माईकशिवाय बाल्कनीपर्यंत गेला. "'पेंटरच्या बायकोला कशाला लागतंय गाणं, मिक्सर देऊन टाक,' आसं म्हणलात न? परत म्हणा की. मला ऐकू येत न्हाई, ह्या लोकांना तरी येऊ द्या!"

सोमेश्वररावांचा चेहरा उतरला. म्हणायला ते काही म्हणू शकले असते, असं बोललोच नाही म्हणून शपथ घेऊ शकले असते, पण शेजारी बसलेल्या शेठनंच मान खाली घातली, आणि त्यातून सगळ्यांना सगळं कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "उठा की साहेब!" मग दुसरा ओरडला, मग चष्मेवाल्याच्या बाजूनंही आवाज आला. साहेब उठले. शेठ त्यांच्या आधी उठून अंधारात गेला होता.

दोघं खुर्चीत बसले. आता प्रकरण मिटवायला सूत्रसंचालक पुढं आला. गुळगुळीत दाढी, गोड आवाज. म्हणाला, "रसिकहो, झालं गेलं विसरून जाऊ. आपल्या ह्या पेंटर बंधूंना कंपनीनं आजचा हा अनुभव अगदी मोफत दिलाय. एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. उषाबाई टाळ्या न वाजवता नवऱ्याकडं वळली.

"फुकट म्हणला का तो?"

"हाव."

"मंग बसलात कामून?"

धर्मराज पुन्हा उठला. "साहेब, टाळ्या राहू द्या. फुकट न्हाई हे. तीनशे साठ बादल्या हायेत. वीस-वीस लिटरच्या, ह्या खांद्यावर. आन् हिनं बावीस हंगाम कान दिलेत जिनाला, तेव्हा कुठं ही जागा लागली. फुकट बसणारे आत्ता उठून गेले. आमची खुर्ची इकत घेतलेली हाय."

ह्या वेळी टाळी कुणी मागितली नाही, तरी ती पडली, आणि बराच वेळ पडत राहिली. सूत्रसंचालक कागद चाळत आत गेला. गायिका दोन पावलं पुढं आली, मंचाच्या कडेपर्यंत, आणि वाकून उषाबाईला नमस्कार केला. उषाबाईनं नमस्कार घेतला आणि तिथूनच, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, ते माईक जरा खाली धरता का? तोंड झाकून राह्यलं."

गायिकेनं माईक हनुवटीखाली घेतला. मग गाणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी शालूनं फोन करून विचारलं, "आबा, कोणकोणती गाणी झाली?" धर्मराजला एकही सांगता येईना. तो शेवटपर्यंत बायकोच्या ओठांकडं बघत बसला होता, आणि तिचे ओठ गायिकेच्या बरोबरीनं हलत होते.